कॅनडाहून टोकियोत नोकरीला येताना: आधी काय, मग काय

पासपोर्ट कॅनडाचा, आजी-आजोबा पुण्यात नाहीतर नाशकात, बचत टोरांटोच्या बँकेत आणि पगार येनमध्ये. मिसिसागा, ब्रॅम्प्टन किंवा सरेमध्ये वाढून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी टोकियोला आलेल्या मराठी मुलामुलींची परिस्थिती साधारण अशी असते. भारतातून थेट इथे येणाऱ्यांसाठी माहिती भरपूर मिळते, पण ती अर्धीच लागू पडते. कॅनडातल्या मित्रांना विचारावं तर त्यांना जपानच्या बाजूचं काही ठाऊक नसतं. म्हणून हा लेख, ज्या क्रमानं कामं करायची त्याच क्रमानं लिहिलेला.

माझा सगळा जोर क्रमावर आहे. इथे पत्ता नसेल तर नोंदणी होत नाही, नोंदणी नसेल तर फोन आणि बँक अडते, आणि बँक नसेल तर पगार अडतो. काही कामं तर कॅनडा सोडण्याआधीच करावी लागतात, कारण नंतर ती दुप्पट महाग पडतात किंवा करताच येत नाहीत.

निघण्याआधी: जपानचा व्हिसा

कॅनडाच्या पासपोर्टवर जपानात 90 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. फिरायला आणि मुलाखती द्यायला तेवढं पुरतं, नोकरी मात्र त्यावर सुरू करता येत नाही. नोकरीसाठी कंपनी आधी इथल्या इमिग्रेशन ऑफिसकडून सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी काढते. सगळे त्याला सीओई म्हणतात. त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात, आणि ते मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानात दाखल व्हावं लागतं. सीओई आलं की ओटावाचा जपानी दूतावास किंवा टोरांटो, माँट्रियल, कॅलगरी, व्हँकुव्हर इथली वाणिज्य दूतावासाची कार्यालयं व्हिसा देतात. सीओई हातात पडेपर्यंत घरमालकाला नोटीस देऊ नका आणि गाडी विकू नका.

बहुतेक इंजिनिअर 'इंजिनिअर, मानव्यविद्या तज्ज्ञ, आंतरराष्ट्रीय सेवा' या लांबलचक नावाच्या प्रकारात येतात. त्यासाठी कामाशी संबंधित विद्यापीठाची पदवी किंवा दहा वर्षांचा अनुभव लागतो. कॅनडातल्या दोन वर्षांच्या कॉलेज डिप्लोम्यावर हे अवघड जातं. भारतातली बी.ई. असेल तर तीच पुढे करा.

कंपनीच्या एचआरला 'हायली स्किल्ड प्रोफेशनल' व्हिसाबद्दल नक्की विचारा. वय, पदवी, पगार, अनुभव, जपानी भाषा यांचे गुण मोजतात आणि 70 गुण झाले तर थेट पाच वर्षांचा व्हिसा मिळतो. तिशीच्या आतल्यांना वयाचेच 15 गुण असतात, मास्टर्सचे 20. सत्तर गुणांवर तीन वर्षांनी आणि 80 गुणांवर एकाच वर्षानी परमनंट रेसिडेन्सीचा अर्ज करता येतो. अडचण एवढीच की हा व्हिसा त्या कंपनीशी बांधलेला असतो आणि नोकरी बदलली की तो नव्यानं घ्यावा लागतो. वरचा साधा प्रकार तसा बांधलेला नाही.

आणखी दोन वाटा आहेत. वय 18 ते 30 असेल तर वर्किंग हॉलिडे, म्हणजे फिरता फिरता काम करू देणारा व्हिसा. राहून पाहायचं आणि मग ठरवायचं असेल तर उत्तम. दुसरी डिजिटल नोमॅड व्हिसाची, 2024 च्या मार्चअखेर सुरू झालेली. कॅनडातली नोकरी चालू ठेवून जपानात सहा महिने राहता येतं, पण वार्षिक उत्पन्न किमान एक कोटी येन आणि स्वतःचा आरोग्य विमा हवा. त्यावर रेसिडेन्स कार्ड मिळत नाही आणि मुदतही वाढत नाही, त्यामुळे इथे बस्तान बसवायचं असेल तर तो उपयोगाचा नाही.

तुमच्याकडे कॅनडाचं नागरिकत्व नसून अजून तिथली पीआरच, म्हणजे परमनंट रेसिडेन्सीच असेल तर जरा थांबा. पीआर टिकवायला दर पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात राहावं लागतं, आणि जपानी कंपनीत काम करत इथे काढलेले दिवस त्यात धरत नाहीत. नागरिकत्वाला काही महिनेच उरले असतील तर ते घेऊन या, असं माझं स्पष्ट मत आहे.

निघण्याआधी: कॅनडातलं आवरणं

या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि सगळ्यात मोठा खर्चही इथेच निघतो.

कॅनडाचा प्राप्तिकर नागरिकत्वावर ठरत नाही, तुम्ही तिथले रहिवासी आहात की नाही यावर ठरतो. सीआरए, म्हणजे कॅनडाचं करखातं, तुमचे कॅनडाशी असलेले धागे पाहते. तिथे स्वतःचं घर, जोडीदार किंवा अवलंबून असलेली मुलं राहिली असतील तर ते मोठे धागे. बँक खाती, ड्रायव्हिंग लायसन, प्रांताचं हेल्थ कार्ड हे छोटे. एकटा तरुण माणूस भाड्याचं घर सोडून, सामान विकून, हेल्थ कार्ड बंद करून दीर्घ मुदतीच्या नोकरीला गेला तर तो साधारणपणे अनिवासी ठरतो. त्या वर्षीच्या रिटर्नवर कॅनडा सोडल्याची तारीख लिहायची. सीआरएचं मत लेखी हवं असेल तर एनआर73 नावाचा फॉर्म आहे, पण तो सक्तीचा नाही.

अनिवासी होण्याच्या दिवशी तुमचे शेअर्स, फंड आणि क्रिप्टो त्या दिवशीच्या बाजारभावानं विकले असं धरून नफ्यावर कर लागतो, प्रत्यक्षात काहीही विकलं नसलं तरी. जुन्या कंपनीचे शेअर्स साठवून ठेवणाऱ्यांना याचा चटका बसतो. आरआरएसपी (निवृत्तीसाठीचं बचत खातं), टीएफएसए (करमुक्त बचत खातं) आणि कॅनडातली घर-जमीन यातून सुटतात. मालमत्ता 25,000 कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर तिची यादी टी1161 फॉर्मवर द्यावी लागू शकते.

टीएफएसए बंद करण्याची गरज नाही, पण त्यात नवे पैसे घालू नका. अनिवासी असताना भरलेल्या रकमेवर दरमहा 1 टक्का कर आहे, म्हणून पगारातून आपोआप जाणारा हप्ता निघण्याआधीच थांबवा. टीएफएसएची करमाफी जपान मानत नाही, हेही ध्यानात असू द्या. काही ब्रोकर अनिवासी ग्राहकाला नवी खरेदी करू देत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या. बँकेतलं एक साधं खाते आणि एक क्रेडिट कार्ड चालू ठेवा. कॅनडातला फोन नंबरही एखाद्या स्वस्त प्लॅनवर जिवंत ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

प्रवासाच्या बॅगेबद्दल दोन गोष्टी, दोन्ही गंभीर. कॅनडात ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे आणि आपल्याकडच्या मुलांना त्याची सवय झालेली असते. जपानात तो बाळगणं गुन्हा आहेच, 12 डिसेंबर 2024 पासून सेवन हाही वेगळा गुन्हा झाला असून त्याला सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. बॅगेच्या कप्प्यात विसरलेली गांजाची एक गमी (चघळायची गोळी) सुद्धा आयुष्य उलटंपालटं करू शकते. जॅकेटचे खिसेसुद्धा तपासा. दुसरी गोष्ट औषधांची. एडीएचडीसाठी कॅनडात सर्रास मिळणारं अ‍ॅडरॉल जपानात डॉक्टरची चिठ्ठी असली तरी आणता येत नाही. त्याच आजाराचं व्हायव्हान्स आणायला आधी परवानगी काढावी लागते. इतर औषधं महिन्याभरापेक्षा जास्त आणायची असतील तर जपानच्या आरोग्य मंत्रालयाकडून आयातीचं प्रमाणपत्र घ्यायचं. आधी डॉक्टरांशी बोला, मग तिकीट काढा.

गाडी चालवायची असेल तर तुमच्या प्रांताकडून ड्रायव्हर रेकॉर्ड काढून आणा, ज्यावर लायसन पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख असेल. ते का लागतं, ते पुढे येईल.

विमानतळ, मग वॉर्ड ऑफिस

नारिता किंवा हानेदाला उतरल्यावर तिथेच झाइर्यू कार्ड, म्हणजे रेसिडेन्स कार्ड मिळतं. ते कायम जवळ बाळगणं कायद्यानं बंधनकारक आहे. राहायचा पत्ता ठरल्यापासून 14 दिवसांत तुमच्या वॉर्डाच्या कुयाकुशोमध्ये, म्हणजे वॉर्ड ऑफिसात जाऊन तो नोंदवायचा. पत्ता कार्डाच्या मागे छापून मिळतो. हॉटेलचा पत्ता सहसा चालत नाही, म्हणून पहिल्या महिन्यासाठी शेअर हाउस किंवा मंथली मॅन्शन (महिन्याच्या बोलीवर मिळणारं घर) घेताना 'इथे पत्ता नोंदवता येईल का' हा प्रश्न भाड्याच्याही आधी विचारा.

त्याच फेरीत जूमिन्ह्यो, म्हणजे रहिवासाचा दाखला, दोन प्रती काढून ठेवा. एका प्रतीला 300 येनच्या आसपास पडतात आणि त्या सतत लागतात. बारा आकडी माय नंबर काही आठवड्यांत पोस्टानं येतो. त्याचं फोटो असलेलं कार्ड मागवायला उशीर करू नका, कारण डिसेंबर 2024 पासून नवीन आरोग्य विमा कार्डं छापणं बंद झालं आहे आणि दवाखान्यात आता तेच कार्ड दाखवतात. ते येईपर्यंत विम्याचा कागदी दाखला चालतो.

आता नावाचं. आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि मग आडनाव असतं. झाइर्यू कार्डावर ते सगळं जसंच्या तसं रोमन लिपीत येतं. जपानी फॉर्ममध्ये मात्र दोनच चौकटी असतात आणि त्या कमी पडतात. शिवाय बँक आणि विमा कंपनी नाव काताकानात, म्हणजे परदेशी शब्दांसाठीच्या जपानी लिपीत मागतात. देशपांडे, कुलकर्णी, गायकवाड ही नावं काताकानात दोन-तीन प्रकारे लिहिता येतात. पहिल्याच दिवशी एक रूप ठरवा, वडिलांचं नाव धरून, आणि वॉर्ड ऑफिस, बँक, फोन, कंपनी सगळीकडे अक्षरशः तेच द्या. एका ठिकाणी एक स्वर लांबवला आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून पगार परत जातो.

काताकाना तसंही विमानात बसण्याआधी शिकून या. 46 अक्षरं आहेत आणि बाराखडी येणाऱ्याला ती दोन आठवड्यांत येतात. अ, क, स, त, न, ह, म, य, र, व हा त्यांचा क्रम बौद्ध अभ्यासकांमार्फत संस्कृतच्या वर्णक्रमावरूनच घडला आहे, त्यामुळे पाठांतर आपल्याला जड जात नाही. मेन्यू, औषधांची नावं, एटीएमची बटणं, निम्मं रोजचं जग त्यात लिहिलेलं असतं.

फोन आणि बँक

फोनवाले बँक खाते मागतात आणि बँकवाले जपानी नंबर. ही गाठ फोनच्या बाजूनं सोडवा. काही कंपन्या परदेशी क्रेडिट कार्डावर किंवा कोंबिनीत (कोपऱ्यावरच्या कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये) रोख भरून व्हॉइस नंबर, म्हणजे बोलता येणारा नंबर देतात. फक्त डेटाचं सिम घेतलंत तर बँकेत ते कामाचं नाही.

बँकेत 'सहा महिने झाले नाहीत, खातं मिळणार नाही' हे वाक्य ऐकायला मिळेल. नियम असा आहे की नवा आलेला परदेशी माणूस पहिले सहा महिने विदेशी विनिमयाच्या हिशेबात अनिवासी धरला जातो, पण जपानमधल्या कार्यालयात नोकरी करणारा पहिल्या दिवसापासून रहिवासी असतो. म्हणून कंपनीचं पत्र किंवा ओळखपत्र घेऊन जा. त्याहून सोपं म्हणजे कंपनीचा पगार ज्या बँकेतून होतो तिथेच एचआरच्या मदतीनं खातं उघडा. पगार बऱ्याच ठिकाणी 25 तारखेला होतो, तोवरचा खर्च कॅनडातून आणलेल्या पैशांवर चालवायचा असतो. घराची अनामत धरून हातात 10 लाख येन असले तर मन शांत राहतं.

घर

एक लाख येन भाड्याच्या घरासाठी पहिल्या दिवशी चार ते सहा लाख मोजावे लागतात, हे ऐकून कॅनडातून आलेला माणूस गडबडतो. हिशेब असा असतो: शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे मालकाला द्यायची आणि कधीही परत न मिळणारी रक्कम, एजंटची एका महिन्यापर्यंत फी आणि तिच्यावरचा कर, हमीदार कंपनीचे अर्ध्या ते एका महिन्याच्या भाड्याइतके पैसे, आगीचा विमा, कुलूप बदलायचा खर्च आणि पहिल्या महिन्याचं भाडं. टोकियोत दर दोन वर्षांनी करार वाढवताना आणखी एक महिन्याचं भाडं जातं. घर सोडताना साफसफाईचे पैसे अनामतीतून कापले जातात. आणि इतकं देऊनही घरात बहुधा दिवे, पडदे आणि गॅसची शेगडी नसते.

काही मालक परदेशी भाडेकरू नको म्हणतात आणि एजंट ते तोंडावर सांगतो. हे लागतं मनाला, कितीही तयारी असली तरी. त्यावर वेळ न घालवता यूआर या सरकारी संस्थेची घरं पाहा. तिथे रेइकिन नाही, एजंटची फी नाही, हमीदार नाही, करार वाढवायचे पैसे नाहीत. दोन महिन्यांची अनामत आणि पगाराची अट एवढंच. इमारती जुन्या असतात, पण खोल्या मोठ्या असतात आणि परदेशी म्हणून कोणी नाकारत नाही.

कुठलंही घर पाहताना इमारतीचं वर्ष विचारा. जून 1981 मध्ये भूकंपरोधक बांधकामाचे नियम कडक झाले. त्यानंतर परवानगी मिळालेली इमारतच घ्या. या बाबतीत भाड्यातली सूट पाहून मोहात पडू नका.

नवा मराठी माणूस आला की त्याला निशिकासाई सुचवलं जातं. एदोगावा वॉर्डातला हा भाग तोझाई लाइनवर आहे. सन 2000 च्या सुमाराला वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या 2000 सालच्या तारखेच्या घोळाच्या कामासाठी आलेले भारतीय इंजिनिअर ओतेमाची, निहोनबाशीची ऑफिसं जवळ म्हणून इथे राहिले आणि मग किराणा, शाळा, हॉटेलं सगळंच आलं. याच वॉर्डातून 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ वॉर्ड असेंब्लीवर निवडून आले. यूआरच्या वसाहती तिथे आहेत, डाळ-तांदूळ खाली उतरलं की मिळतात, आणि आजारी पडलात तर कोणीतरी वरण-भात आणून देतं. ऑफिस शिबुया किंवा रोप्पोंगीला असेल तर मात्र रोज लांबचा, दाटीवाटीचा प्रवास होतो, कारण तोझाई लाइन टोकियोतल्या सगळ्यात गर्दीच्या मार्गांपैकी आहे.

तिथे घर घेणार असाल तर आणखी एक माहिती हवी. एदोगावा वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. वॉर्डानं 2019 मध्ये जो पुराचा नकाशा घरोघर दिला, त्याच्या मुखपृष्ठावरच 'इथे थांबू नका' असं छापलं होतं. मोठं वादळ येणार असेल तर आधीच वॉर्डाबाहेर जायचं, असा त्याचा अर्थ. तळमजला घेऊ नका, आणि बाहेर कुठल्या मित्राकडे जाल ते आधी ठरवून ठेवा.

पगाराची चिठ्ठी

पगारातून पेन्शनचे 9.15 टक्के जातात आणि तेवढेच कंपनी भरते. आरोग्य विम्याचा हप्ताही निम्मा-निम्मा. दवाखान्यात तुम्ही 30 टक्के भरता. ओंटारियोत डॉक्टरकडे पाकीट काढायची सवय नसते, इथे दर वेळी काही पैसे लागतात, पण त्याच दिवशी तज्ज्ञ डॉक्टर भेटतो.

खरी काळजी रहिवासी कराची घ्या. हा साधारण 10 टक्के असतो, आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो आणि जूनपासून कापला जातो. आदल्या वर्षी जपानात उत्पन्न नसल्यामुळे सुरुवातीला हातात जास्त पगार येतो आणि खर्च त्या हिशेबानं वाढतो. पुढच्या जूनमध्ये तोच पगार एकदम कमी होतो. पहिल्या महिन्यापासून पगाराचा दहावा भाग वेगळ्या खात्यात टाकत राहा आणि तो आपला नाहीच असं धरून चाला.

प्राप्तिकराचं बहुतेक काम कंपनी डिसेंबरमध्ये उरकते. परदेशी मूळ कंपनीचे शेअर्स मिळत असतील किंवा बाजूचं उत्पन्न असेल तर 16 फेब्रुवारी ते 15 मार्च या काळात स्वतः विवरण भरायचं. जपानात राहून पाच वर्षं होईपर्यंत कॅनडातल्या भाडं-व्याजासारख्या परदेशी उत्पन्नावर जपान साधारणपणे तेव्हाच कर लावतो, जेव्हा पैसे जपानात आणले जातात. म्हणून ज्या वर्षी कॅनडात काही उत्पन्न झालं असेल त्या वर्षी तिथून रक्कम मागवण्याआधी कर सल्लागाराला विचारा. शेअर्सच्या विक्रीचे नियम आणखी गुंतागुंतीचे आहेत, तिथे स्वतः अंदाज बांधू नका.

ऑफिसातलं

करारात 'ठरावीक ओव्हरटाइम पगारात धरलेला आहे' असं कलम असतं. ते किती तासांचं आहे ते सही करण्याआधी पाहा. कायद्यानं ओव्हरटाइमची नेहमीची मर्यादा महिन्याला 45 तास आहे. भरपगारी रजा सहा महिन्यांनी दहा दिवस मिळते, त्याआधी काहीच नाही, अर्थात काही कंपन्या पहिल्या दिवसापासून देतात. एप्रिलमध्ये रुजू झालात तर सप्टेंबरच्या गणपतीला घरी जायची रजा नसेल, हे आईला आत्ताच सांगून ठेवा. आजारपणाची वेगळी रजा कायद्यात नाही. लोक वार्षिक रजाच वापरतात. दुखणं लांबलं तर कंपनीच्या आरोग्य विम्यातून चौथ्या दिवसापासून पगाराचे दोन तृतीयांश मिळू शकतात, आणि हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

राकुतेन या मोठ्या ऑनलाइन कंपनीनं 2012 मध्ये इंग्रजी ही कार्यालयीन भाषा केली आणि इंजिनिअरिंगपुरती इंग्रजी चालवणाऱ्या कंपन्या आता बऱ्याच आहेत. तरी जपानी शिका. कोड रिव्ह्यू इंग्रजीत होतो, पण जेवणाच्या टेबलावरचं बोलणं जपानीत होतं, आणि पुढच्या प्रोजेक्टवर कोण जाणार हे बरंचसं तिथे ठरतं. कॅनडातल्या जुन्या क्लायंटचं काम संध्याकाळी करायचा विचार असेल तर कंपनीची आणि इमिग्रेशनची, दोन्ही परवानग्या काढा.

जाण्या-येण्याचा पास कंपनी देते. फोनमध्ये सुइका (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घाला म्हणजे ट्रेन, बस, कोंबिनी सगळीकडे चालतं. शेवटची ट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास जाते.

खाणं, कचरा, घरचे फोन

शाकाहारी असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: दाशी. माशापासून काढलेलं हे पाणी मिसो सूपात, सॉसमध्ये, भाजीतही असतं, आणि वेटर मनापासून 'मांस नाही' असं सांगतो. मासा त्याच्या लेखी मांस नसतो. 'दाशीसुद्धा चालत नाही' हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. कोंबिनीत उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे आंबट खारवलेल्या फळाचा भाताचा गोळा बरा. घरी करायचं तर निशिकासाई आणि शिन-ओकुबोमध्ये पोहे, रवा, तूरडाळ, हिंग सगळं मिळतं. कॅनडातून पोती भरून आणू नका.

कचऱ्याचं वेळापत्रक वॉर्ड ऑफिसात इंग्रजीतही मिळतं. जळणारा, न जळणारा, बाटल्या-डबे-कागद असे वेगवेगळे वार असतात, आणि पिशवी सकाळी आठच्या आत, कावळ्यांसाठी टाकलेल्या जाळीखाली ठेवायची. गादी किंवा कपाट टाकायचं तर आधी वेळ घेऊन पैसे भरून स्टिकर लावायचा. शेजारी तुम्हाला सगळ्यात आधी यावरून ओळखतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात हे नीट शिका.

जपानात घड्याळ पुढे-मागे होत नाही. टोकियोत रात्रीचे नऊ म्हणजे टोरांटोत उन्हाळ्यात सकाळचे आठ, थंडीत सात, आणि पुण्यात संध्याकाळचे साडेपाच. तिन्ही घरांना एकत्र बोलावायची हीच वेळ. गणपतीत टोकियो मराठी मंडळाच्या उत्सवाला जा, जमलं तर काम अंगावर घ्या. मोदक खायला गेलेला माणूस ओळखी घेऊन येतो, पण मांडव घालायला गेलेल्याला घरची माणसं मिळतात.

भूकंप आणि आजारपण

रुग्णवाहिका आणि आगीसाठी 119, पोलिसांसाठी 110. रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत. दर माणशी दिवसाला तीन लिटर या हिशेबानं किमान तीन दिवसांचं पाणी घरात ठेवा आणि पलंगाजवळ उंच कपाट उभं करू नका. मोठा धक्का बसला की गॅसचं मीटर आपोआप बंद होतं. ते परत सुरू कसं करायचं हे मीटरवरच लिहिलेलं असतं, एकदा वाचून ठेवा. फोन लागेनासे झाले तर 171 वर आवाजी निरोप ठेवता येतो.

कॅनडाचा दूतावास अकासाकात, आओयामा-इत्चोमे स्टेशनजवळ आहे. परदेशातल्या कॅनेडियन नागरिकांच्या यादीत ऑनलाइन नाव नोंदवा, मोठ्या संकटात ते तुम्हाला त्यावरूनच शोधतात. मतदानासाठीची नोंदणी वेगळी असते. पूर्वी पाच वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलेल्यांचं मत जात असे, 2018 च्या कायद्यानं ती अट काढली. मतपत्रिका पोस्टानं येते, म्हणून पत्ता बदलला की तिथेही कळवा.

लायसन, प्रवास, नोकरी बदलणं आणि परत जाणं

कॅनडाचं लायसन असणाऱ्यांना जपानी लायसनसाठी लेखी आणि गाडी चालवायची परीक्षा द्यावी लागत नाही. जेएएफकडून (जपानची वाहनचालकांची संस्था) लायसनचं भाषांतर, डोळ्यांची तपासणी आणि लायसन मिळाल्यावर किमान तीन महिने कॅनडात राहिल्याचा पुरावा एवढं पुरतं. ड्रायव्हर रेकॉर्ड त्यासाठी. इथे गाड्या डाव्या बाजूनं चालतात, हे टोरांटोत गाडी शिकलेल्यानं पहिल्या आठवड्यात दर वळणावर आठवावं.

भारतात किंवा कॅनडात सुट्टीला जाताना विमानतळावरच्या फॉर्मवर स्पेशल री-एंट्रीच्या (पुन्हा येणार असल्याच्या) चौकटीत खूण करा आणि वर्षाच्या आत परत या. खूण राहिली तर व्हिसा तिथेच संपतो. भारतात जाताना ओसीआय कार्ड पासपोर्टसोबत ठेवा.

नोकरी सोडली किंवा नवी धरली की 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं, हे ऑनलाइन होतं. सबळ कारणाशिवाय तीन महिने काम नसेल तर व्हिसा रद्द होऊ शकतो, म्हणून राजीनामा देण्याआधी पुढची ऑफर लेखी घ्या.

जपान सोडायचं ठरलं तर वॉर्ड ऑफिसात बाहेर जात असल्याची नोंद करा. 1 जानेवारीला तुम्ही इथले रहिवासी असाल तर त्या वर्षीचा रहिवासी कर देणं लागतंच, मार्चमध्ये गेलात तरी. त्यासाठी इथे राहणाऱ्या एखाद्या भरवशाच्या माणसाला कर-प्रतिनिधी नेमून जा. पेन्शनमध्ये भरलेल्या पैशांतली काही रक्कम देश सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज केला तर एकरकमी परत मिळते. त्यातून 20.42 टक्के कर कापतात आणि तो परत मागायचं कामही हाच प्रतिनिधी करतो. अर्ज भरण्याआधी एक विचार करा. कॅनडा आणि जपान यांच्यात 1 मार्च 2008 पासून सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं जोडून म्हातारपणी पेन्शनचा हक्क मिळू शकतो. एकरकमी पैसे उचलले की जपानमधली ती वर्षं पुसली जातात. दोन-तीन वर्षांत परत जाणाऱ्यानं पैसे घ्यावेत. सात-आठ वर्षं राहिलेल्यानं मात्र आधी दोन्ही देशांच्या पेन्शन कार्यालयांकडून आकडे मागवावेत, आणि मग फॉर्मवर सही करावी.